कंस सरकला की उत्तर बदलते

आठातून पाच वजा करा, उरलेल्यातून दोन वजा करा, एक उरतो. आता कंस सरकवा: आधी पाचातून दोन वजा करा आणि आलेले तीन आठातून वजा करा. उत्तर पाच येते. आकडे तेच, क्रम तोच, चिन्हही तेच. कोणती जोडी आधी सोडवायची एवढेच बदलले आणि उत्तर बदलले. बेरजेत असे होत नाही. (८ + ५) + २ आणि ८ + (५ + २) दोन्ही पंधराच. या गुणाला साहचर्य म्हणतात. शाळेत तो एका ओळीत शिकवला जातो, पाठ होतो, आणि पुढे त्याच्याकडे कुणी वळून पाहत नाही.

विसाव्या शतकात काही गणितज्ञांनी मात्र त्याच्याकडे मुद्दाम वळून पाहिले. साहचर्य काढून घेतले तर मागे काय उरते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून बीजगणिताची एक शाखा उभी राहिली. तिच्यातल्या रचनांना क्वासिग्रुप आणि लूप म्हणतात. या शाखेतले कितीतरी प्रश्न आजही सुटलेले नाहीत, आणि त्यांतले काही समजून घ्यायला शाळेतले गणित पुरते. साहचर्य नावाच्या त्या एका ओळीवर गणिताचा केवढा भार आहे, हे या प्रश्नांइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

कोष्टकातले बीजगणित

वजाबाकीत साहचर्य नसले तरी एक चांगला गुण शिल्लक आहे. 'आठातून किती वजा केले की तीन उरतील?' याला एकच उत्तर आहे. 'कशातून पाच वजा केले की तीन उरतील?' यालाही एकच. कोणत्याही बाजूची जागा रिकामी ठेवा, ती भरता येते आणि एकाच प्रकारे भरता येते. ज्या संचावरच्या क्रियेला एवढा एक गुण आहे, तो संच त्या क्रियेसह म्हणजे क्वासिग्रुप. त्यात दोन्ही बाजूंनी कुणालाच न बदलणारा, म्हणजे बेरजेतल्या शून्यासारखा, अविकारक घटक असेल तर तो लूप. वजाबाकीत ८ − ० = ८ असले तरी ० − ८ हे आठ होत नाही; म्हणून पूर्णांकांची वजाबाकी क्वासिग्रुप आहे, पण लूप नाही. लूपमध्ये साहचर्यही आले की तो गट होतो. गट हा आधुनिक बीजगणिताचा कणा आहे. स्फटिकांच्या सममितीपासून समीकरणांच्या उकलीपर्यंत सगळीकडे त्याचा संचार असतो.

घटक मोजके असतील तर क्रियेचे कोष्टक मांडता येते, पाढ्यांच्या तक्त्यासारखे. क्वासिग्रुपच्या कोष्टकात प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या स्तंभात प्रत्येक घटक नेमका एकदा येतो. अशा मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. सुडोकू सोडवणारा प्रत्येक जण ९ × ९ चा लॅटिन चौरसच भरत असतो. त्यात फक्त छोट्या चौकटींची जादा अट असते. पाच घटकांचा हा एक लूप पाहा:

१ २ ३ ४ ५
२ १ ४ ५ ३
३ ५ १ २ ४
४ ३ ५ १ २
५ ४ २ ३ १

दुसऱ्या ओळीत आणि तिसऱ्या स्तंभात ४ आहे, म्हणजे २ ∗ ३ = ४. आता साहचर्य तपासू. (२ ∗ २) ∗ ३ म्हणजे १ ∗ ३, उत्तर ३. उलट २ ∗ (२ ∗ ३) म्हणजे २ ∗ ४, उत्तर ५. साहचर्य मोडले. आणखी एक गोष्ट दिसते. १ आणि २ एवढेच घेतले तर त्यांचे आपसातले कोष्टक पूर्ण होते, बाहेरचा घटक लागत नाही. म्हणजे पाचांच्या लूपमध्ये दोघांचा एक छोटा लूप नांदतो आहे. गटांमध्ये हे अशक्य असते. गटातल्या उपगटाच्या घटकांची संख्या मूळ संख्येला निःशेष भागते, हा लाग्रांजच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत गटसिद्धांताचा पहिला मोठा आधार आहे. दोनाने पाचाला भाग जात नाही. साहचर्य गेले आणि त्याच्याबरोबर हा आधारही गेला.

आकडे पाहिले की फरक नीट कळतो. केवळ नावे बदलून एकमेकांसारखे होणारे लूप एकच धरले, तर पाच घटकांचे गट १ आणि लूप ६. सहा घटकांचे गट २ आणि लूप १०९. सात घटकांचा गट १ आणि लूप २३,७४६. आठ घटकांचे गट ५ आणि लूप १०,६२,२८,८४९. नुसते लॅटिन चौरस मोजणेही जिकिरीचे आहे. ब्रेंडन मॅके आणि इयन वॉनलेस या ऑस्ट्रेलियातल्या गणितज्ञांनी २००५ साली ११ × ११ चे सगळे लॅटिन चौरस मोजले. ती संख्या ४८ अंकी आहे. १२ × १२ चे नेमके किती, हे अजून कुणी मोजलेले नाही.

नियम कमी झाले की काम सोपे होईल, असे वाटणे साहजिक आहे. घडते उलटे. कडा चढणाऱ्याला जशी हात रोवायला खोबण लागते तसा गणितज्ञाला नियम लागतो. नियम जितके कमी, तितका कडा गुळगुळीत.

ऑयलर आणि श्रीखंडे

या विषयातली सर्वांत गाजलेली गोष्ट १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या लिओनहार्ड ऑयलरच्या एका निबंधापासून सुरू होते. सहा पलटणी आहेत आणि प्रत्येक पलटणीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचा एकेक अधिकारी आला आहे. या ३६ जणांना ६ × ६ च्या चौरसात असे उभे करायचे की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक पलटण एकदाच यावी आणि प्रत्येक हुद्दाही एकदाच यावा. म्हणजे पलटणींचा एक लॅटिन चौरस आणि हुद्द्यांचा दुसरा, एकावर एक ठेवले असता सर्व ३६ जोड्या वेगवेगळ्या निघाल्या पाहिजेत. अशा दोन चौरसांना परस्परलंब म्हणतात.

विषम संख्यांसाठी आणि चाराच्या पटींसाठी अशी जोडी कशी करायची, हे ऑयलरला ठाऊक होते. उरल्या २, ६, १०, १४, १८ अशा संख्या, म्हणजे चाराने भागल्यावर दोन उरणाऱ्या. यांच्यासाठी जोडी मिळणारच नाही, अशी अटकळ त्याने बांधली. दोनाचे उघडच आहे. सहासाठी ती खरी असल्याचे फ्रेंच गणिती गॅस्तों तारी याने १९०० च्या सुमारास सगळ्या शक्यता हाताने तपासून दाखवले. दहासाठी विसाव्या शतकाच्या मध्यात संगणक लावून पाहिला गेला. शक्यता इतक्या अफाट की हाती काही लागले नाही.

मग १९५९ साल उजाडले. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे हे मराठी गणितज्ञ १९१७ साली सागर येथे जन्मले आणि नागपुरात शिकले. पुढे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९५० मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९५९ मध्ये या गुरुशिष्यांनी २२ × २२ च्या परस्परलंब चौरसांची जोडी उभी केली. ऑयलरची अटकळ मोडली. पाठोपाठ अर्नेस्ट पार्कर यांनी १० × १० ची जोडी दिली. त्यानंतर तिघांनी मिळून सिद्ध केले की दोन आणि सहा सोडले तर प्रत्येक संख्येसाठी अशी जोडी असतेच. २६ एप्रिल १९५९ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात आले, तिथल्या गणित विभागाचे प्रमुख म्हणून १९७८ पर्यंत राहिले आणि चयनगणिताची, म्हणजे मांडण्यांच्या गणिताची, एक पिढी त्यांनी घडवली. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या विजयातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. २००७ साली मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुने तपासून अंदाज काढला की १० × १० चा लॅटिन चौरस सहज उचलला तर त्याला जोडीदार असण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास असते. ऑयलरला जे अशक्य वाटले ते दहासाठी विरळासुद्धा नव्हते. सहावरून दहाचा अंदाज बांधणे किती धोक्याचे असते, याचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

दहासाठी तीन

दोन मिळाले. मग तीन? १० × १० चे असे तीन लॅटिन चौरस आहेत का, की त्यांतले कोणतेही दोन घेतले तरी ते परस्परलंब असावेत? हा प्रश्न आजही उघडा आहे. सातासाठी असे सहा चौरस मिळतात, आठासाठी सात, नवासाठी आठ. मूळ संख्या किंवा तिचा घात असेल तर एकाने कमी इतके चौरस मिळतात आणि त्याहून जास्त कधीच मिळत नाहीत. दहाला मात्र दोन हाती आहेत आणि तिसऱ्याचा पत्ता नाही.

नऊ मिळणार नाहीत, एवढे ठाऊक आहे. दहासाठी नऊ चौरस असणे म्हणजे भूमितीतले 'दहाव्या कोटीचे प्रक्षेपी प्रतल', म्हणजे बिंदू आणि रेषा यांची एक ठराविक मांडणी, असणे, कारण या दोन गोष्टी एकच आहेत. कॅनडातल्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातले क्लेमेंट लॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रे महासंगणकावर सुमारे दोन हजार तास शोध चालवून १९८९ मध्ये जाहीर केले की असे प्रतल नाही. बारासाठी असे प्रतल आहे की नाही, तेही आजवर ठरलेले नाही.

तीन चौरसांच्या शोधात एक मोठी वाट बंद झाली आहे, ती मॅके यांच्या २००७ च्याच कामातून. १० × १० च्या एखाद्या चौरसात ओळी, स्तंभ किंवा चिन्हे यांच्या अदलाबदलीची जराही सममिती असेल, तर तो अशा त्रिकुटात बसू शकत नाही. म्हणजे असे त्रिकूट असलेच, तर ते पूर्णपणे बेढब चौरसांचे असणार. गणितज्ञ नेहमी सममितीचे बोट धरून शोध घेतात. इथे तेच बोट सुटले आहे.

एका ओळीतून एक, एका स्तंभातून एक

आता असा प्रश्न, जो कुणालाही कागदावर पडताळून पाहता येईल. लॅटिन चौरसातून अशी घरे निवडा की प्रत्येक ओळीतून एक, प्रत्येक स्तंभातून एक, आणि निवडलेली सगळी चिन्हे वेगवेगळी. अशा निवडीला ट्रान्सव्हर्सल म्हणतात. वर दिलेल्या पाचाच्या कोष्टकात पहिल्या ओळीतला १, दुसरीतला शेवटचा ३, तिसरीतला दुसरा ५, चौथीतला चौथा १ असे घेऊ गेलो तर १ दोनदा येतो आणि निवड फसते. थोडी खटपट करावी लागते.

काही चौरसांत कितीही खटपट केली तरी ट्रान्सव्हर्सल मिळत नाही. ०, १, २, ३ या चार आकड्यांची बेरीज करून चाराने भागल्यावर उरणारी बाकी लिहा आणि कोष्टक मांडा. समजा त्यात ट्रान्सव्हर्सल आहे. निवडलेल्या ओळींच्या क्रमांकांची बेरीज ६, स्तंभांच्या क्रमांकांची ६, आणि निवडलेल्या चिन्हांचीही ६, कारण तिन्हीकडे ०, १, २, ३ एकेकदा येतात. पण प्रत्येक घरातले चिन्ह म्हणजे ओळ अधिक स्तंभ. म्हणून ६ + ६ आणि ६ यांची चाराने भागल्यावर बाकी सारखी हवी. बाराची बाकी ०, सहाची २. विसंगती आली, म्हणजे ट्रान्सव्हर्सल नाही. हाच युक्तिवाद कोणत्याही सम संख्येला लागू पडतो.

विषम संख्यांसाठी अशी अडचण येत नाही. अमेरिकन गणितज्ञ हर्बर्ट रायसर यांनी १९६७ साली अटकळ मांडली की विषम बाजूच्या प्रत्येक लॅटिन चौरसात निदान एक तरी ट्रान्सव्हर्सल असतोच. आजवर एकही अपवाद सापडलेला नाही आणि सिद्धताही सापडलेली नाही. सम आणि विषम सगळ्यांसाठी एक सौम्य अटकळही आहे: पूर्ण नाही तरी एक घर कमी असलेला ट्रान्सव्हर्सल नक्की मिळतो. ब्रिटिश गणितज्ञ रिचर्ड मॉन्टगोमेरी यांनी २०२३ साली, चौरस पुरेसा मोठा असेल तर ही गोष्ट खरी आहे, असे सिद्ध केले. विषम चौरसातले ते शेवटचे घर मात्र अजून कुणाला भरता आलेले नाही.

कोष्टक गटाचे असेल तर सगळे चित्र बदलते. कोणत्या गटाच्या कोष्टकात ट्रान्सव्हर्सल असतो याबद्दल मार्शल हॉल आणि लोवेल पेज यांनी १९५५ मध्ये अटकळ मांडली होती. ती एकविसाव्या शतकात पूर्ण सिद्ध झाली, कारण सगळ्या सांत साध्या गटांची, म्हणजे मर्यादित घटकांच्या आणि लहान गटांत न फोडता येणाऱ्या गटांची, यादी तोवर तयार होती. साहचर्य असले की प्रचंड का होईना, पण यादी करता येते. साधे लॅटिन चौरस कोणत्याही यादीत मावत नाहीत.

अर्धे साहचर्य: रूथ मूफांग

साहचर्य पूर्ण ठेवणे आणि पूर्ण सोडणे यांच्या मध्ये एक प्रदेश आहे. त्याची पायवाट जर्मन गणितज्ञ रूथ मूफांग यांनी १९३० च्या दशकात पाडली. भूमितीच्या अभ्यासातून त्या अशा रचनांकडे आल्या, जिथे कंस सर्रास हलवता येत नाही, पण एक घटक दोनदा येत असेल तर ठराविक प्रकारे हलवता येतो: ((क·ख)·क)·ग = क·(ख·(क·ग)). हा नियम पाळणाऱ्या लूपना आज मूफांग लूप म्हणतात. त्यांनी सिद्ध केले की अशा लूपमधल्या एखाद्या त्रिकुटात साहचर्य असेल, तर त्या तिघांपासून बनणाऱ्या सगळ्या रचनेत ते असते. १९३७ साली नाझी राजवटीने स्त्री म्हणून त्यांना विद्यापीठात शिकवण्याची परवानगी नाकारली. त्या उद्योगक्षेत्रात संशोधन करू लागल्या, युद्धानंतर फ्रँकफर्ट विद्यापीठात परतल्या आणि १९५७ मध्ये तिथे प्राध्यापक झाल्या.

मूफांग लूप हवेतून आलेले नाहीत. १८४३ मध्ये जॉन ग्रेव्ह्ज आणि त्यानंतर स्वतंत्रपणे आर्थर केली यांनी शोधलेल्या आठ मितींच्या संख्या, म्हणजे ऑक्टोनियन, गुणाकारात साहचर्य पाळत नाहीत, पण मूफांगचा नियम पाळतात.

साहजिक प्रश्न असा: एवढ्या अर्ध्या साहचर्यावर लाग्रांजचा सिद्धांत टिकतो का? आपल्या पाच घटकांच्या लूपमध्ये तो मोडला होता. मूफांग लूपसाठी हा प्रश्न कित्येक दशके लोंबकळत राहिला. २००५ साली ग्रिश्कोव्ह आणि झावार्नित्सिन या जोडीने आणि गॅगोला व हॉल या दुसऱ्या जोडीने तो सोडवला. सिद्धांत टिकतो. पण सिद्धतेसाठी सांत साध्या गटांची ती अवाढव्य वर्गवारी वापरावी लागली. गटासाठी जी गोष्ट पदवीच्या वर्गात एका पानात सिद्ध होते, तिला इथे हजारो पानांचा आधार लागला.

मूफांगहूनही एक पायरी खाली उतरलो तर बोल लूप येतात; गेरिट बोल या डच गणितज्ञाने १९३७ मध्ये त्यांचा नियम मांडला. त्यांच्यात घटकांची संख्या विषम असेल तर लाग्रांज टिकतो, हे सिद्ध झाले आहे. सम संख्येचे कोडे सुटलेले नाही.

या क्षेत्रात संगणकही नुसती मोजणी करत नाही. विस्कॉन्सिनचे केनेथ कुनेन यांनी १९९६ मध्ये दाखवले की क्वासिग्रुप मूफांगचा नियम पाळत असेल तर त्यात अविकारक घटक आपोआप येतो, तो वेगळा मागावा लागत नाही. ही सिद्धता शोधताना त्यांनी ऑटर नावाच्या, तर्काच्या पायऱ्या स्वतः जुळवणाऱ्या संगणकप्रणालीची मदत घेतली. कंस हलवण्याचे शेकडो कंटाळवाणे टप्पे यंत्राला थकवत नाहीत.

हे कशासाठी?

रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅम्स्टेड कृषी संशोधन केंद्रात शेतीच्या प्रयोगांसाठी लॅटिन चौरस वापरात आणले. एकाच शेतात जमिनीचा कस उभा-आडवा बदलत असला तरी वाणांची तुलना न्याय्य व्हावी, हा हेतू होता. ही पद्धत कृषी विद्यापीठांत आजही शिकवली जाते.

दुसरा उपयोग लांब क्रमांकांत होतो. आधार क्रमांकाचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून ठरतो, जेणेकरून टंकलेखनातली चूक पकडता यावी. त्यासाठी वापरली जाणारी व्हर्होफ पद्धत दहा घटकांच्या एका गटावर उभी आहे. चुकीचा एक अंक आणि शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल या दोन्ही चुका क्वासिग्रुपच्या एकाच कोष्टकाने पकडायच्या, तर त्या कोष्टकाला विशेष गुण लागतो. चाराने भागून दोन उरणाऱ्या संख्यांसाठी, म्हणजे दहासाठीही, असे कोष्टक नसावे, अशी अटकळ होती. २००४ साली जर्मनीतले मिखाएल डाम यांनी दहासाठी ते करून दाखवले. पुढे सिद्ध झाले की अपवाद फक्त दोन आणि सहा यांचा. ऑयलरच्या अटकळीची कथा जशीच्या तशी पुन्हा घडली, आणि या खेपेला ती उपयोगी वस्तू देऊन गेली.

गणित म्हणजे उत्तरे आधीच तयार असलेला विषय, ही समजूत आपल्या शाळांत घट्ट बसली आहे. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची असते, म्हणून ती बसते. माझी शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे: सुटणाऱ्या शंभर उदाहरणांसोबत न सुटलेला एक प्रश्नही मुलांपुढे ठेवा. रायसरचा प्रश्न आठवीतल्या मुलीला दहा मिनिटांत समजतो. तिला ५ × ५ चा आणि ७ × ७ चा लॅटिन चौरस भरू द्या, त्यात ट्रान्सव्हर्सल शोधू द्या, काही सम चौरसांत तो का अडतो ते समजावून सांगा आणि मग स्पष्ट सांगा, की विषम चौरसात तो नेहमी मिळतो का, याचे उत्तर आज जगात कुणालाही माहीत नाही.